काकूंचा हिरवा

माझी वहिनी सॉफ्टवेअरला कपडे शिवते, असं दादा लोकांना सांगायचा. ऐकणारा बुचकळ्यात पडला की त्याला मजा यायची. मग तो नीट समजावून द्यायचा. दुकानातलं बिलाचं सॉफ्टवेअर असो की फोनवरचं गाणी वाजवणारं, आतलं काम तेच राहतं. पण वरचं रूप, म्हणजे बटणं, पट्ट्या, अक्षरं, रंग, हे ज्याला हवं तसं बदलून देता येतं. त्या वरच्या रूपाला त्यांच्या धंद्यात स्किन म्हणतात. गिऱ्हाईक म्हणतं, आमच्या पाटीवर जो निळा आहे तोच हवा. आणि तो निळा मालकाच्या भारी पडद्यावर, गल्ल्यावरच्या जुनाट पडद्यावर आणि फोनवर एकसारखाच दिसायला हवा. तो तसा कधीच दिसत नाही. तो तसा दिसावा म्हणून वहिनी दिवस दिवस बसते. पहिल्या नोकरीत तिला सगळे मॅचिंगबाई म्हणत. ते नाव तिच्या मागोमाग आमच्या घरातही आलं.

तिच्या आईचं दोरे-बटणांचं दुकान होतं. कापडाचा तुकडा घेऊन कुणी आलं की आई दुकानातल्या दिव्याखाली रीळ दाखवायचीच नाही, गिऱ्हाइकाला हाताला धरून दारात न्यायची. "दिवा गोड बोलतो, उजेड खरं बोलतो," असं तिचं म्हणणं. वहिनी त्या दारातच लहानाची मोठी झाली.

लग्न होऊन आली तेव्हा तिनं आमच्या घरातली मागची खोली राखाडी रंगवून घेतली. भिंती राखाडी, खिडकीचा पडदा राखाडी, टेबलावरचं कापडही तसंच. भिंत रंगीत असली तर तिचा रंग डोळ्यांत उतरतो आणि पडद्यावरचा रंग नासतो, असं तिनं सांगितलं. आमची आई हबकली. "नव्या नवरीची खोली अशी राखेसारखी?" दादा म्हणाला, "आई, हिला रंगांचा इतका सोस आहे की घरातले सगळे हिनं हाकलून दिलेत." वहिनी हसली, पण खोली तशीच राहिली. त्या खोलीत ती उंदराएवढं एक यंत्र पडद्यावर लोंबकळत ठेवायची. पडद्यातून नक्की काय बाहेर पडतंय ते त्यानं मोजलं जातं. मोजण्याआधी पडदा बराच वेळ चालू ठेवायची. माणसासारखाच पडदाही तापल्यावर खरं बोलतो, हे मी तिच्याकडूनच शिकले.

दादानं चाळिशी ओलांडली आणि त्याच्या दोन्ही किडन्यांनी काम थांबवलं. कसं झालं, का झालं, ते सांगण्यात आता अर्थ नाही. आठवड्यातून तीन दिवस त्याला डायलिसिसला न्यावं लागायला लागलं. हातात सुया टोचून रक्त मशीनमधून फिरवतात, घाण काढतात, साठलेलं पाणीही काढतात. किडनी चालत नसली की प्यायलेलं पाणी अंगातच राहतं. म्हणून आल्या आल्या वजन. मागच्या वेळेपासून किती पाणी वाढलं ते त्यावरून कळतं.

त्या डायलिसिस केंद्रात प्रत्येक खाटेच्या वर एक पडदा टांगलेला होता. त्यावर वजनाचे आकडे आणि खाली एक रुंद पट्टा. पाणी हद्दीत असलं तर पट्टा हिरवा, थोडं वाढलं तर पिवळा, फार वाढलं तर नारंगी, आणि लाल म्हणजे आधी डॉक्टर. नर्सचं काम या पडद्यांवर चालत नसे. त्यांच्या टेबलावर वेगळा पडदा होता, मशीनचे आकडे होते. वरचे पडदे पेशंटसाठी होते, ज्याचं त्याला कळावं म्हणून.

कधी वहिनी, कधी मी, आळीपाळीनं दादाजवळ बसायचो. मी शाळेत शिकवते; शाळा सुटली की थेट तिकडेच जायची. हळूहळू सगळे ओळखीचे झाले. दाराजवळच्या खाटेवर एक निवृत्त पोस्टमन असायचे, त्यांना सगळे टपाल म्हणत. मध्ये दादा. आणि खिडकीजवळ काकू. काकू म्हणजे मोठा आवाज, मोठं शरीर आणि मोठी पिशवी. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलता एक मुलगा लांब परदेशात. वजन करून खाटेवर पडल्या की मान वर करून बघायच्या आणि सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं म्हणायच्या, "हिरवा."

तिथली मुख्य सिस्टर वैतागायची. "काकू, पाणी वाढलंय आज. मी काय सांगितलं होतं?"

"वाढलंय कसलं? वर बघ की."

"तुमच्यापुढे डोकं आपटून काही उपयोग नाही."

"मग नको आपटूस. रक्त येईल, आणि ते काढायला इथे सुया आहेतच."

आम्ही हसायचो. टपाल मात्र हसायचे नाहीत. ते आपल्या पडद्याकडे बघायचे आणि त्यांचा चेहरा उतरायचा. त्यांनी पाणी इतकं तोडलं होतं की बोलताना जीभ टाळ्याला चिकटायची. डॉक्टरांनी परवानगी दिली होती तेवढंही ते पीत नसत. मग मशीन चालू असताना पायांत गोळे यायचे, रक्तदाब खाली जायचा, आणि आपलं दुखणं बळावलंय अशी त्यांची आणखी खात्री पटायची.

एके दिवशी मी दादाला सोडून निघाले होते आणि वहिनी नुकतीच आली होती. तिनं माझं मनगट धरलं आणि हळूच म्हणाली, "आज तिघांचा पट्टा एकच आहे. तुला कसे दिसतायत?"

मी बघितलं. काकूंचा पोपटी, दादाचा पिवळा, टपालांचा जवळजवळ नारंगी. "एकच कसा?"

"सिस्टरच्या टेबलावर बघ."

मी पाणी पिण्याच्या निमित्तानं टेबलाजवळून गेले. तिथल्या पडद्यावर तिन्ही खाटा पिवळ्या होत्या. एकच पिवळा.

परत आल्यावर वहिनीनं मला सांगितलं ते थोडक्यात असं. पडद्यातला प्रत्येक रंग लाल, हिरवा आणि निळा या तिघांच्या मिसळणीतून होतो. पडदा जुना झाला की तिघं सारखे थकत नाहीत. काकूंच्या पडद्यातला लाल थकला होता, म्हणून पिवळा हिरव्याकडे झुकत होता. टपालांच्या पडद्यातला हिरवा थकला होता, म्हणून तोच पिवळा नारंगीकडे. त्यात ज्यानं कुणी ही स्किन केली होती त्यानं रंगही एकमेकांच्या फार जवळचे घेतलेले. हिरवा म्हणून पोपटी, पिवळा म्हणून लिंबासारखा. जरा धक्का लागला की एक दुसऱ्यात घुसणार.

"मग सांग ना त्यांना," मी म्हटलं.

"मी इथे बायको म्हणून येते गं," ती म्हणाली. "सगळीकडे आपलं दुकान कशाला मांडायचं?"

दादा डोळे मिटून ऐकत होता. तो म्हणाला, "कावीळ झालेल्याला सगळं पिवळं दिसतं. हिला पिवळ्यातही भेसळ दिसते."

ती गप्प राहिली, आणि आणखी काही दिवस तसेच गेले असते. पण एकदा टपालांनीच तिला हाक मारली. त्यांच्याजवळ त्या दिवशी कुणी नव्हतं. एरवी त्यांची बायको सोबत असायची.

"तुम्ही शिकलेल्या आहात," ते म्हणाले. "नारंगीनंतर लालच ना?"

"हो. पण काका..."

"मंडळींना मी त्यांच्या भावाकडे पाठवलंय. म्हटलं, माझ्याशिवाय राहायची आत्तापासून सवय लागू दे."

वहिनी तिथून उठली ती सरळ सिस्टरकडे गेली. सिस्टरनं डॉक्टरांना सांगितलं, डॉक्टरांनी पडद्यांचं काम बघणाऱ्या तंत्रज्ञाला बोलावलं. त्यांना सगळे वायरवाले म्हणत. ते नाखूष होते. "बाई, आकडे लिहिलेत ना बाजूला. रंग काय, शोभेला."

"आकडे कोण वाचतं झोपल्या झोपल्या?" वहिनी म्हणाली. "चष्मा पिशवीत आणि हात सुईत अडकलेला. तुम्ही एकदा आडवे होऊन बघा."

वायरवाले रिकाम्या खाटेवर आडवे झाले. बूट खाली लोंबकळत होते. थोडा वेळ वर बघत राहिले, मग डोळे बारीक केले, मग उठून पँट झटकली. "सॉफ्टवेअर कंपनीला विचारून घेतो," एवढंच म्हणाले.

कंपनीनं होकार दिला. स्किन बदलायची सोय त्यांच्याकडे होतीच, फक्त कुणी मागितली नव्हती. मग वहिनीनं पुढचे आठवडे त्या राखाडी खोलीत काढले. हिरवा तिनं गडद घेतला, जून पानासारखा. पिवळा पिकल्या केळ्याच्या सालीचा. नारंगी पार विटेपर्यंत नेला. प्रत्येक पट्ट्यावर ठसठशीत अक्षरांत शब्द घातले: ठीक, वाढलंय, फार वाढलंय, आणि लालवर आधी डॉक्टर.

रविवारी केंद्र बंद असायचं. त्या दिवशी आम्ही दोघी आणि वायरवाले सकाळीच तिथे गेलो. मी खिडकीचे पडदे ओढायचं आणि उघडायचं काम केलं, कारण तिला रंग दिव्याखालीही बघायचे होते आणि दुपारच्या उजेडातही. ते उंदराएवढं यंत्र एकेका पडद्यावर लोंबकळलं. काकूंच्या पडद्याशी गाडं अडलं.

"लाल वाढवा की त्याचा," वायरवाले म्हणाले.

"जे नाही ते कुठून वाढवणार? म्हाताऱ्याला पळ म्हटल्यासारखं आहे. बाकीच्या दोघांना त्याच्याबरोबर हळू चालायला लावायचं."

"पडदाच नवा टाकतो."

"नवा टाका. पण तोही एक दिवस जुना होणार. तेव्हा मी नसेन."

म्हणून तिनं सगळ्या पडद्यांचा उजेड कमी केला, सर्वांत थकलेल्याला जमेल इतका. खोली जराशी मंद झाली, पण पिवळा सगळीकडे पिवळा झाला. मग ती एकेका खाटेवर आडवी होऊन बघू लागली. काकूंच्या खाटेवर सर्वांत जास्त वेळ पडून राहिली. तिथे जुनी स्किन तिनं एकदा पुन्हा लावून बघितली.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही. इथून सगळं छान दिसत होतं गं."

असं म्हणून ती नवी स्किन लावून उठली. त्या बोलण्याचा पुढे काय अर्थ होणार आहे, ते आम्हा दोघींनाही तेव्हा कळलं नाही.

सोमवारी टपाल आले, वजन झालं, आडवे झाले. वरचा पट्टा हिरवा होता आणि त्यावर लिहिलं होतं, ठीक. त्यांनी सिस्टरला विचारलं. मग दुसऱ्या नर्सला विचारलं. मग म्हणाले, "थोडं पाणी मिळेल?" सिस्टरनं अर्धा पेला दिला. तो त्यांनी डोळे मिटून प्यायला. संपल्यावरही पेला हातात धरून ठेवला. पुढच्या वेळी बायको सोबत होती, आणि त्यानंतर टपाल इतके बोलायला लागले की दादा कानात कापूस घालायची भाषा करायला लागला.

पण त्याच सोमवारी, थोड्या वेळानं, काकू आल्या. पिशवी ठेवली, आडव्या झाल्या, मान वर केली. काही बोलल्या नाहीत. पट्टा विटकरी होता. फार वाढलंय.

"माझा पडदा बिघडलाय," त्या म्हणाल्या.

सिस्टर जवळ गेली. "बिघडला नाही काकू, दुरुस्त झालाय. पाणी तुमचं पूर्वीपासूनच वाढतंय, आज जास्तच. मी रोज सांगत होते ना?"

"तू सांगायचीस. मला वाटायचं, तुला सगळ्यांनाच ओरडायची सवय आहे. मी वर बघायचे."

सिस्टर तिथल्या स्टुलावर बसली. म्हणाली, "मला वाटायचं, तुम्ही माझी थट्टा करता."

काकूंनी मान वळवली. वहिनी दादाच्या खाटेजवळ उभी होती. "तू काढलास माझा हिरवा?"

"काकू, तो हिरवा नव्हताच."

"मला होता," काकू म्हणाल्या आणि खिडकीकडे तोंड करून पडल्या. चार तास त्यांनी मान वळवली नाही.

घरी आल्यावर वहिनी मागच्या खोलीत जाऊन बसली. दिवा लावला नाही. दादा डायलिसिस झाल्यावर गळून जायचा, तरी भिंतीला धरत धरत तिच्याकडे गेला. मी दारात होते.

"चुकीचं काही केलं नाहीस तू," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"पण शुक्रवारी काकूंजवळ बसून सांगता आलं असतं. काकू, सोमवारी वेगळं दिसेल, त्याचं कारण हे असं."

वहिनी म्हणाली, "मी पडद्यांकडे बघत होते." त्यात सारवासारव नव्हती, तक्रारही नव्हती. दादानं तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि तिथेच खाली बसला, कारण त्याला फार वेळ उभं राहवत नसे.

पुढच्या वेळी ती दादाला सोडून काकूंच्या स्टुलावर जाऊन बसली. काकू खिडकीबाहेर बघत राहिल्या. मीही तिथेच होते.

"कधीपासून?" काकूंनी अचानक विचारलं.

"काय?"

"हिरवा कधीपासून खोटा होता?"

वहिनीला सोपं काहीतरी सांगता आलं असतं. ती म्हणाली, "पडदा हळूहळू थकतो. पण वर्षभर तरी असेल, काकू. थोडा अंदाजच आहे माझा."

काकूंनी तोंडावरून हात फिरवला. "इथून गेले की मी पोराला फोन करते. रोज. म्हणते, हिरवा आहे रे, तू तुझी कामं बघ. दोनदा तिकीट काढलं होतं त्यानं. दोन्ही वेळा मीच म्हटलं, कशाला उगाच." मग म्हणाल्या, "मला खोटं बोलायचं नव्हतं त्याच्याशी."

"तुम्ही खोटं बोलला नाहीत."

"फोन काढ पिशवीतून. मला एका हातानं जमत नाही."

वहिनीनं फोन लावून त्यांच्या कानाशी धरला. पलीकडे त्या देशात कामाची वेळ असावी, कारण मुलगा सुरुवातीला घाईत बोलला. काकूंचा मोठा आवाज त्या दिवशी एवढासा झाला होता. "हिरवा नाहीये रे," त्या म्हणाल्या. "नाही, घाबरण्यासारखं काही नाही. पण ये. बघून जा." वहिनीचा हात अवघडला, तरी तिनं फोन खाली घेतला नाही.

मुलगा आला. उंच, थोडा वाकून चालणारा, आईसारखाच मोठ्या आवाजाचा. महिनाभर राहिला. आईला घोट घोट मोजून पाणी द्यायचा आणि शिव्या खायचा. पट्टा विटकरीवरून पिवळ्यावर आला, आणि एकदा हिरवाही झाला. त्या दिवशी काकूंनी आरोळी ठोकली नाही. फक्त वहिनीला हाक मारली आणि बोट वर केलं. वहिनीनं मान हलवली.

तरी उशीर झाला होता. इतके दिवस अंगात राहिलेल्या पाण्यानं काकूंच्या हृदयावर ताण पडला होता. मुलगा परत गेला आणि काही महिन्यांनी त्याला पुन्हा यावं लागलं, तेव्हा त्या बोलण्याच्या पलीकडे गेल्या होत्या. दोन दिवसांत गेल्या. वहिनीनं डॉक्टरांना विचारलं, हे आधी लक्षात आलं असतं तर? डॉक्टर म्हणाले, कदाचित. नक्की सांगता येणार नाही. सिस्टरला वाटायचं, दोष आपला. वायरवाल्यांना वाटायचं, आपला. वहिनी म्हणाली की आपण दोन-तीन आठवडे आधीच तोंड उघडायला हवं होतं. तिघांनी ते आपसात वाटून घेतलं, तरी कुणाचंच ओझं कमी झालं नाही.

सगळं आटोपल्यावर मुलगा केंद्रात आला, सगळ्यांना भेटला. वहिनीसमोर जरा घुटमळला.

"आई तुमच्याबद्दल फारसं चांगलं बोलायची नाही," तो म्हणाला.

"साहजिक आहे."

"पण बोलायची रोज. त्या बाईनं असं केलं, त्या बाईनं तसं केलं. मी इथे असताना जेवताना सगळा वेळ तुमचंच." त्यानं हात जोडले आणि गेला.

दादा अजून जातो, आठवड्यातून तीन दिवस. टपालही असतात. या कामाची बातमी कुणी कुणाला सांगत गेलं, आणि वहिनीला दुसऱ्या केंद्रांतून, रुग्णालयांतून बोलावणी येऊ लागली. ती यंत्र घेऊन जाते, पण पहिल्या दिवशी पिशवीतून काढत नाही. एकेका खाटेशेजारी बसते आणि विचारते, तुम्हाला इथून काय दिसतं, त्याचं तुम्ही काय समजता, घरी जाऊन काय सांगता. लोक कुरकुरतात, रंग लावायला आलेली बाई गप्पा मारत बसते म्हणून. ती ऐकून घेते.

खिडकीजवळच्या खाटेवर आता एक तरुण मुलगी असते, विशीतली, फार न बोलणारी. पहिल्या दिवशी ती एकटीच आली होती. वर बघत पडून होती. दादाला सुया लावून झाल्या तशी वहिनी तिच्याकडे गेली.

"काय दिसतंय?"

"पिवळा."

"घाबरलीस?"

मुलीनं होकारार्थी मान हलवली.

"मलाही पिवळाच दिसतोय," वहिनी म्हणाली, आणि स्टूल ओढून तिच्याजवळ बसली.